स्पीकरची तोंडं कुणीकडे

फॉर्ममधला चौथा प्रश्न असा होता : ‘खोलीचे नियमित उपयोग लिहा. (किमान चार.)’

सेनेन बारासाने पेन उचललं, पहिल्या ओळीवर ‘बसणे’ असं लिहिलं आणि पुष्कळ विचार करून दुसऱ्या ओळीवर ‘उठणे’ लिहिलं. तिसऱ्या ओळीपाशी गाडी अडली. माणूस बसला आणि उठला की खोलीत करण्यासारखं अजून काय उरतं, याचा त्याने कधी अभ्यास केला नव्हता. तो उठला, पंख्याखाली जाऊन उभा राहिला, परत येऊन बसला, आणि आपण पहिल्या दोन ओळींचं नुसतं प्रात्यक्षिक करतोय हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःचाच राग आला.

प्रकरण स्पीकरचं होतं. तेहतीस वर्षं बारांकिया शहरात घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचल्याबद्दल ऑफिसच्या लोकांनी निरोप समारंभात त्याला स्पीकरची जोडी दिली होती. काळे, कमरेएवढे, कुणाच्या तरी अंत्यविधीला आल्यासारखे गंभीर. सोबत दुकानाचं कुपन होतं : आमचे तज्ज्ञ घरी येऊन स्पीकर योग्य जागी बसवून देतील, मोफत. त्याखाली मुंगीच्या अक्षरात : ही सोय फक्त बहुउपयोगी खोल्यांसाठी. ज्यांच्या खोलीला एकच उपयोग आहे त्यांनी पत्रक वाचून आपले आपण बसवावेत.

कुणी म्हणेल, मग वाचावं पत्रक. पण एव्हाना प्रश्न स्पीकरचा राहिला नव्हता, अब्रूचा झाला होता. चौदा महिन्यांपूर्वी याच खोलीचे उपयोग लिहायला फॉर्मला पुरवणी जोडावी लागली असती. कोपऱ्यात नूबियाचं शिवणयंत्र आणि त्याच्या आजूबाजूला छतापर्यंत गेलेली कापडांची गाठोडी. मधल्या टेबलावर दुपारी जेवण, संध्याकाळी डॉमिनो, आणि दोन्हींच्या मधे एखाद्या नवरीचा झगा पसरलेला. शनिवारी टेबल भिंतीला लावून नाच. गल्लीतल्या निम्म्या बायका माप द्यायला यायच्या आणि माप सोडून बाकी सगळं देऊन जायच्या. सेनेनला स्वतःच्या घरात बसायला जागा नसायची. तो दारात उभा राहून जेवायचा आणि कटकट करायचा. ती कटकटही खोलीच्या नियमित उपयोगांत धरायला हरकत नव्हती.

मग मुलीला, यानेतला, स्पेनमध्ये बाळ झालं आणि नूबिया तीन महिन्यांसाठी वालेन्सियाला गेली. त्या तीन महिन्यांना आता चौदा महिने झाले होते. विमानतळावर निघताना ती म्हणाली होती, “सेने, तुला एकट्याला राहता यायचं नाही.” तिने हे काळजीने म्हटलं होतं. त्याने ते आव्हान म्हणून ऐकलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन यायचा, “घर कसंय?” ती विचारायची, आणि तो म्हणायचा, “भरलंय! आत्ता विल्फ्रिदो उठून गेला बघ.” खरं तर डॉमिनोचा अड्डा केव्हाच विल्फ्रिदोच्या ओसरीवर हलला होता, कारण नूबियाबरोबर या घरातले तळलेले पदार्थही देशाबाहेर गेले होते. ‘परत ये’ हे दोन शब्द काही सेनेनच्या तोंडून निघत नव्हते. आव्हान स्वीकारलेल्या माणसाला ते शोभत नाहीत.

त्याला एक सवय होती. कुठल्याही घराचा मीटर बघून आत माणसं किती हे तो बिनचूक सांगायचा. स्वतःच्या घराच्या मीटरचं झाकण त्याने चौदा महिन्यांत उघडलं नव्हतं.

त्याने ‘बसणे’ आणि ‘उठणे’ खोडलं आणि लिहिलं : १. जेवण (सहा माणसे). २. डॉमिनो (चार). ३. नाच (एक जोडी, कधी जास्त). ४. शिवणकाम. हात गरम झाला होता म्हणून पाचवी ओळ स्वतःच आखून तिच्यावर ‘जपमाळ’ असं लिहिलं आणि सही ठोकली.

*

स्पीकर घरात येताना गल्लीने पाहिले होतेच.

“कोंपाद्रे, एवढेच?” शेजारचा विल्फ्रिदो दारातून म्हणाला. त्याच्या धाकट्या मुलीचा सेनेन धर्मपिता, त्यामुळे दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत आणि त्या नात्याच्या जोरावर एकमेकांचा हवा तेवढा अपमान करत. “बाकीचे मागच्या गाडीने येतायत का?”

विल्फ्रिदोचा अधिकार मोठा होता. त्याच्याकडे एके काळी स्वतःचा पिको होता. पिको म्हणजे कपाटापेक्षा उंच, अंगभर चित्रं रंगवलेला स्पीकर, जो वाजायला लागला की तीन गल्ल्यांतली भांडी नाचतात. त्याच्या पिकोचं नाव ‘सासरा’ होतं, कारण तो एकदा बोलायला लागला की घरात दुसऱ्या कुणाला बोलता येत नसे. समोरच्या बाजूला खऱ्या सासऱ्याचं चित्रही होतं. ते बघूनच सासरा वारला असं विल्फ्रिदोची बायको म्हणे, पण त्याला कागदोपत्री आधार नाही.

“नाव काय ठेवणार यांचं?”

“स्पीकर.”

“नाव नाही ठेवलंस तर आवाज बसतो त्यांचा,” विल्फ्रिदोने बजावलं. “बरं, ओसरीवर कधी काढतोयस?”

“ओसरीवर नाही. आतच ठेवायचेत. तज्ज्ञ येणारेय.”

एवढ्यात समोरच्या दोन्या ओतिलिया, म्हणजे ओतिलियाबाई, झाडू घेऊन आल्या. त्यांना झाडायचं काही नसे. पण हातात झाडू असला की कुठल्याही दारात थांबता येतं.

“आत? मग तोंडं कुणीकडे?”

“आतच. माझ्याकडे.”

दोन्या ओतिलियांनी झाडू उभा धरला. बारांकियात स्पीकर कुणाच्याही मालकीचा असो, त्याचं तोंड गल्लीचं असतं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, कारण हे लिहायची वेळ येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

“म्हणजे आमच्याकडे पाठ,” त्या हळूच म्हणाल्या. “बावीस वर्षं समोर राहतेय मी तुझ्या, सेनेन. बरं. बरं हो.” आणि काही न झाडता निघून गेल्या.

*

तज्ज्ञ मंगळवारी आली. यादिरा ओस्पिनो नाव, वय पंचविशीतलं, चेहरा परीक्षेला बसवणाऱ्या बाईंचा. दारातच तिने खोली पाहिली. टेबलावर एक ताट पालथं होतं. टेबलाशी एक खुर्ची होती.

“सेन्योर बारासा, ही बहुउपयोगी खोली?”

“आज सुट्टी आहे.”

“कुणाला?”

“सगळ्यांनाच,” सेनेन म्हणाला आणि घाम पुसला.

तिने दोरीने भिंती मोजल्या, टाळ्या वाजवून कान लावले, आणि निकाल दिला की उजवा स्पीकर जिथे हवा, नेमकं तिथे शिवणयंत्र आहे.

“ते हलणार नाही,” सेनेन म्हणाला.

“मग आवाज लंगडेल.”

सेनेनला लंगडा आवाज परवडण्यासारखा नव्हता. त्याने यंत्र ओढत मागच्या खोलीत नेलं. मग गाठोडी नेली. सव्वीस गाठोडी. शेवटच्या गाठोड्यात एक अर्धवट झगा होता, टाचण्या अजून तशाच लावलेल्या. ते उचलताना त्याच्या बोटाला टाचणी लागली, पण हे त्याने यादिराला कळू दिलं नाही. कळवण्यासारखी जखमही फारशी नव्हतीच.

यादिराने दोन्ही स्पीकर जागेवर ठेवले, तोंडं थोडी आत वळवली आणि जमिनीवर, बरोबर मधे, चिकटपट्टीची फुली मारली.

“इथे तुमची खुर्ची. दोन्हींपासून सारखं अंतर. इथे बसलात की गाणारी बाई समोर उभी आहे असं वाटेल. हात लावता येईल इतकी जवळ.”

“आणि शेजारच्या खुर्चीत?”

“शेजारी खुर्ची नसते,” यादिरा म्हणाली. “फुली एकच असते.”

सेनेनने फुलीकडे पाहिलं. खजिना पुरलेल्या जागी अशा खुणा असतात असं त्याने ऐकलं होतं. इथे मात्र खजिना वर येऊन बसायचा होता आणि तो म्हणजे तो स्वतः होता.

“शेवटचं मोजमाप शनिवारी सकाळी दहाला,” ती फॉर्म चाळत म्हणाली. “खोली वापरात असताना. माणसं आवाज पितात, त्यामुळे माणसांसकट मोजावं लागतं. जेवायला सहा, डॉमिनोला चार, नाचाला दोन. बारा.”

“जेवणारेच नंतर डॉमिनो खेळतात.”

“फॉर्मवर तसं नाही.”

“आणि जपमाळ?”

“जपमाळेला मी सूट देते,” यादिरा म्हणाली. तिच्यात माणुसकी अगदीच नव्हती असं नाही.

*

बारा माणसं जमवणं आलं. एके काळी या घरातून बारा माणसं हाकलायला नूबियाला लाटणं दाखवावं लागे. आता सेनेनला बोलवायचं कसं हेच आठवेना. ‘माझ्याकडे कुणी येत नाही, म्हणून या’ असं सांगण्यापेक्षा त्याने स्पीकर विहिरीत टाकले असते. शेवटी तो ओसरीवर उभा राहिला आणि इकडेतिकडे बघत, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाला, “शनिवारी दहाला घर पूर्वीसारखं असणारेय. अंडं भरून तळलेल्या मक्याच्या अरेपा आहेत. बघा बुवा.”

शनिवारी पावणेदहाला बारा नाही, एकोणीस माणसं आली. नवे शर्ट घालून आली. कुणी केक आणला. विल्फ्रिदोने दाढी केली होती, जी तो फक्त कार्निव्हलला करतो. दोन्या ओतिलियांच्या हातात झाडू नव्हता, एक निळा झगा होता, कंबर दोन बोटं आत घ्यायची होती.

“कुठेय ती?” दारातूनच त्या ओरडल्या. “नूबिये! लपतेस काय, ये बाहेर!”

आणि मग एकोणीस माणसांना आत नूबियाऐवजी काठीवर मायक्रोफोन लावून उभी असलेली यादिरा दिसली.

दोन्या ओतिलियांनी झगा घडी करून काखेत धरला. “घर पूर्वीसारखं म्हणालास,” त्या म्हणाल्या. “आम्हाला वाटलं...”

“अरेपा गरम आहेत,” सेनेन म्हणाला.

माणसं थांबली. काही अरेपांसाठी थांबली, काही सेनेनचा चेहरा बघून. आठ जणांना ओसरीवर काढलं आणि बाकीच्यांना, सेनेन धरून बारा जणांना, यादिराने कामाला लावलं. नियम तिने एकदाच सांगितले : चार मिनिटं, सगळे उपयोग एकदम, आवाज अजिबात नाही. आणि पंखा बंद.

“पंखा बंद?” विल्फ्रिदो म्हणाला. “पोरी, हे बारांकिया आहे. इथे मेलेल्या माणसावरचाही पंखा बंद करत नाहीत.”

पंखा बंद झाला. सहा जण तोंड मिटून अरेपा चावू लागले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चौघांनी डॉमिनो मांडला. आता ज्या माणसाने पन्नास वर्षं प्रत्येक सोंगटी टेबल दुभंगेल अशी आपटली, त्याला ती झोपलेल्या बाळासारखी अलगद ठेवायला लावणं हा छळ आहे. विल्फ्रिदोच्या हाती जिंकायची सोंगटी आली तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ती दोन बोटांनी खाली टेकवली. जिंकलेल्या माणसाचा इतका दुःखी चेहरा गल्लीने पूर्वी पाहिला नव्हता.

नाचायला जोडी कमी पडत होती म्हणून सेनेन आणि दोन्या ओतिलिया उभे राहिले. गाणं नव्हतं. “पाय घासू नका,” यादिरा ओठांनीच म्हणाली. दोघं पाय उचलून, पाण्यातून चालल्यासारखे गोल फिरत राहिले. घामाने सेनेनचा शर्ट पाठीला चिकटला. चार मिनिटं त्याच्या घरात माणसांशिवाय काही नव्हतं, त्यांचा श्वास, त्यांची अत्तरं, काटा ताटाला लागू नये म्हणून धरलेली बोटं. चार मिनिटं संपूच नयेत असं त्याला वाटलं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बोलायची बंदी होती.

“झालं,” यादिरा म्हणाली आणि गाणं लावलं.

गाणारी बाई खरोखर खोलीत येऊन उभी राहिली. पण फक्त फुलीवर. मग फुलीसमोर रांग लागली. एकेक जण अर्धा मिनिट खुर्चीत बसे, ‘अरे वा’ म्हणे आणि उठे. ओसरीवरच्या आठांना काहीच ऐकू येत नव्हतं, ते पाय हलवत उभे राहिले आणि एकेक करून घरी गेले. सगळ्यात शेवटी विल्फ्रिदो बसला, डोळे मिटून गाणं पूर्ण ऐकलं.

“भारी आहे, कोंपाद्रे,” उठताना तो म्हणाला. “पण एकट्याचं आहे.”

*

गुरुवारी गल्लीच्या समितीचे सेक्रेटरी पेर्दोमो वही घेऊन आले. सेनेनविरुद्ध तक्रार होती.

“आवाजाची?” सेनेन चकित झाला. “मी दारंखिडक्या लावून ऐकतो.”

“तेच तर,” पेर्दोमो म्हणाले. “तुमचा आवाज येत नाही अशी तक्रार आहे. नवे स्पीकर आले आणि गल्लीला काही नाही. लोकांच्या मनाला लागलंय.” त्यांनी वही उघडली. छापील रकाने दोनच होते. पहिल्यात, ‘आवाजाचा प्रकार’ या शब्दांखाली, पेर्दोमोंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : शांतता. दुसऱ्यात, ‘तीव्रता’खाली : असह्य.

“कुणी केली?”

“ते गुप्त असतं,” पेर्दोमो म्हणाले आणि हळूच समोरच्या घराकडे बघून नाक खाजवलं. “नियमांत आवाज कमी करायला सांगायची सोय आहे, वाढवायची नाही. म्हणून मी असं घातलंय : ‘संबंधिताने आपली शांतता मर्यादेत ठेवावी.’ तीन प्रतींवर सही करा.”

सेनेनने तिन्हींवर सही केली. आयुष्यात त्याच्यावर लागलेला हा पहिलाच गुन्हा होता, आणि खेदाची गोष्ट अशी की तो खरा होता.

कारण त्याला फुलीवर बसून ऐकायलाही आता होत नव्हतं. शनिवारनंतर माणसं गेली आणि आवाज बिघडला. गाणारी बाई समोर उभी राहीना. ती भिंतींतून, छतातून, चारी बाजूंनी एकदम बोले आणि प्रत्येक ओळीचं शेपूट पुन्हा परत येई. त्याने यादिराला फोन लावला.

“घुमतंय.”

“मोजमाप बारा माणसांचं होतं,” ती म्हणाली. “माणसं कुठायत?”

“घरी गेली.”

“रोज येतात ना?”

सेनेनने फुलीच्या चिकटपट्टीची सुटलेली कड बोटाने दाबली. मग यादिरा पत्रकातल्यासारखं न बोलता म्हणाली, “कोपऱ्यात ती कापडं होती ना, सेन्योर, तीसुद्धा आवाज पीत होती. मीच हलवायला लावली. पण तेव्हा मला वाटलं होतं, माणसं आहेत.”

*

रविवारी अकराला फोन वाजला. सेनेन खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि नेहमीच्या उत्साहाने ओरडला, “भरलंय घर! आत्ता विल्फ्रिदो...”

“थांब,” नूबिया म्हणाली. “तुझा आवाज असा का येतोय?”

“कसा?”

“दोनदा. प्रत्येक शब्द दोनदा येतोय. सेने, कोपऱ्यातून काय काढलंस?”

“काही नाही.” भिंतीही म्हणाल्या, काही नाही.

“एकतीस वर्षं त्या खोलीत बोलतेय मी. तिथे आवाज घुमत नाही. माझं यंत्र कुठेय?”

त्याने सांगितलं. यंत्राचं सांगितल्यावर गाठोड्यांचं सांगावं लागलं, मग फॉर्मचं, बारा माणसांचं, निळ्या झग्याचं. शांततेच्या गुन्ह्याचंही सांगितलं. त्याला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

“आणि विल्फ्रिदो?”

“मागच्या सप्टेंबरपासून आला नव्हता. शनिवारी आला. तुझ्यासाठी दाढी करून आला होता.”

पलीकडे वालेन्सियात संध्याकाळ व्हायला आली होती. तिथे चमचा पडला तरी खालचे लोक काठीने छत ठोकतात, म्हणून यानेतच्या घरात सगळे कानात हेडफोन घालून वावरतात, हे नूबियाने आजवर कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. चौदा महिन्यांत तिने घरात मोठ्याने गाणं ऐकलं नव्हतं. “बाळ चालायला लागलं, सेने. मला केव्हाच निघता आलं असतं.”

“मग?”

“तू म्हणत होतास घर भरलंय. भरल्या घरात मी कुठे बसणार?”

सेनेन फुलीवरच्या खुर्चीत बसला. उठला. परत बसला.

“ये,” तो म्हणाला.

“काय? नीट ऐकू नाही आलं.”

“दोनदा ऐकू आलं असेल तुला. इथे सगळं दोनदा ऐकू येतं.”

“तरी म्हण.”

“परत ये, नूबिये.”

पुढे दोघांनी बाळाच्या दातांबद्दल वगैरे बोलून घेतलं, कारण असलं काही बोलून झालं की लगेच फोन ठेवता येत नाही. तिकीट बघते म्हणाली. नोव्हेंबरमधलं मिळेल, कदाचित डिसेंबर. फोन ठेवल्यावर खोली पहिल्याइतकीच रिकामी होती आणि नोव्हेंबर पाच महिने लांब होता. सेनेनने मागच्या खोलीतून गाठोडी आणायला सुरुवात केली. टाचण्यांचं गाठोडं त्याने सगळ्यात आधी आणलं. यंत्र ओढून जागेवर आणलं आणि उजवा स्पीकर मुकाट्याने बाजूला सरकवला. मग खिडकी उघडली, डाव्याचं तोंड थोडंसं, फक्त चार बोटं, गल्लीकडे वळवलं. समोर झाडूचा आवाज थांबला.

मग त्याने यादिराला फोन केला.

“आज रविवार आहे, सेन्योर.”

“एकच प्रश्न आहे. फुलीशेजारी दुसरी खुर्ची ठेवायचीय.”

“मी सांगितलं होतं तुम्हाला. मधली जागा एकाचीच. दोघं बसलात तर गाणारी बाई कुणाच्याच समोर येणार नाही. दोघांनाही थोडं थोडं कमी ऐकू येईल.”

“चालेल,” सेनेन म्हणाला. “एकतीस वर्षं आम्ही एकमेकांचं तेवढंच ऐकत आलोय.”